वरून कीर्तन, आतून गंज

वहिनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा कुंपणापाशी या. ओरडून सांगण्यासारखं नाही. काल संध्याकाळी तुमचे हे डॉक्टरांच्या गॅरेजसमोर हाताची घडी घालून उभे राहिले, ते अंधार पडेपर्यंत हलले नाहीत. मी मुद्दाम नाही हो बघत होते, भांडी घासत होते. खिडकी सिंकसमोरच काढलीय, त्याला मी काय करू? पण तशी उभं राहण्याची ढब मी ओळखते. डॉक्टरही गाडी घ्यायच्या आधी असेच लोकांच्या गॅरेजसमोर उभे राहायचे.

म्हणजे जाहिरातसुद्धा बघून ठेवलीय? एमजीबीच? लाल, तारांच्या चाकांची, ‘नुकताच रंग दिलेली’? झालं कल्याण. आता टोपली ठेवा खाली आणि डॉक्टरांची कथा नीट ऐका. घरी जाऊन तुमच्या ह्यांना सांगायला उपयोगी पडेल.

आपले डॉक्टर हाडांचे. रिटायर झाल्यावर माणूस गुलाब लावतो, क्रूझला जातो, फार तर मंडळाच्या गणपतीचा खजिनदार होतो. डॉक्टरांनी एमजीबी आणली, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1976च्या अखेरची, दोन सीटांची, वर कापडी टप. रंग सँडग्लो, म्हणजे धड पिवळा नाही, धड तपकिरी नाही. सीटवर नारिंगी-तपकिरी पट्ट्यांचं कापड, ज्याला इथे इंग्लंडात लोक ‘डेकचेअर’ म्हणून हसतात. आणि पुढे-मागे काळे रबरी बंपर. डॉक्टरीणबाई दारात आल्या, गाडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हिच्या तोंडाला काय झालंय?”

त्यात बाईंचं काही चुकलं नाही. एमजीबी 1962पासून 1980पर्यंत निघाली, पाच लाखांच्या वर, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेला गेल्या. अमेरिकेने नियम काढला की हळू वेगात धडक बसली तरी गाडीला इजा होता कामा नये. म्हणून 1974च्या शेवटापासून क्रोमचा नाजूक बंपर गेला आणि हा रबराचा ठोकळा आला. वर गाडी इंच-दीड इंच उचलली. जी गाडी वळणावर जमिनीला चिकटून जायची ती कलायला लागली. नियम अमेरिकेचा, भोगलं इथल्या लोकांनीही. ही सगळी माहिती मला डॉक्टरांकडूनच मिळाली. ते सांगायला लागले की थांबत नाहीत आणि मला मध्येच उठून जाता येत नाही, ही माझी खोड.

आणि ऐका, ही गाडी जुळली अबिंग्डनला, पण हिचं पत्र्याचं अंग बनलं आपल्या स्विंडनमध्येच, प्रेस्ड स्टीलच्या कारखान्यात. हो हो, तोच, जिथे आता मिनीचे पत्रे होतात. म्हणजे सून गावातलीच, फक्त चाळीस-पंचेचाळीस वर्षं बाहेर नांदून परत आली. कशी परत आली ते पुढे कळलं.

घेताना गाडी अशी चकचकीत होती की तोंड बघून घ्यावं. विकणारा गोडबोल्या. चहा दिला, बिलांची फाईल दाखवली, कुत्र्याची ओळख करून दिली. डॉक्टर इंजिन ऐकून आले, टप उघडझाप करून आले, पैसे देऊन आले. आयुष्यभर माणसांच्या कातडीखाली बघितलेला माणूस, आणि गाडीच्या बाबतीत कातडीवर भाळला!

बिंग फोडलं ते मडगावच्या पोराने. तुम्ही नवीन आहात, पण स्विंडनमध्ये गोवेकर किती आहेत ते तुम्हाला बाजारात गेलात की कळेल, कोकणी कानावर पडतेच. हा पोरगा रात्रपाळीला गोदामात असतो, पण मूळचा वेल्डर, वास्कोला जहाजांच्या कामावर शिकलेला. डॉक्टरांच्या गुडघेदुखीच्या फुकट सल्ल्याच्या बदल्यात गाडी बघायला आला. आल्या आल्या बाईंना म्हणाला, “मावशी, फ्रिजवरचा एक मॅग्नेट दे गो.” बाईंनी सिद्धिविनायकाचा दिला. त्याने तो गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. दारावर चिकटला, बॉनेटवर चिकटला. दाराच्या खाली आणला आणि गणपती घसरून फरशीवर. पुन्हा लावला, पुन्हा खाली. पोरगा काही बोलला नाही. नखाने टकटक करून दाखवलं. वर खणखण वाजत होतं, तिथे मात्र भद्द. पत्रा नव्हताच, नुसती लांबी भरून घासून गुळगुळीत केली होती. वरून कीर्तन, आतून गंज!

आता तुम्ही म्हणाल, दाराखालचा जरासा पत्रा गेला तर एवढं काय? मीही तेच म्हटलं होतं. तर ऐका. ह्या गाडीला वेगळी चासी नाही. ट्रकला कशी खाली लोखंडी चौकट असते, तसं इथे काही नाही, पत्र्याचं अंग हीच चौकट. त्यातून ही उघडी गाडी, डोक्यावर छप्पर नाही. मग पुढचा भाग आणि मागचा भाग धरून ठेवतं कोण? दाराखालच्या ह्या दोन पोकळ पट्ट्या, सिल. बाहेरून एक पत्रा, मध्ये उभा एक, खाली आणखी एक, असं तिन्हींचं मिळून खोकं होतं. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, मागच्या कोपऱ्यात साठतो, ओला राहतो, आणि गंज तिथून आत शिरतो. बाहेरून दिसतो तेव्हा आत काही उरलेलं नसतं. हिच्या आधीच्या मालकाने काय केलं असेल? सडलेलं न काढता त्यावर नवा पत्रा चढवला, वर लांबी, वर रंग. कुजलेल्या उंबरठ्याला सनमायका लावावा तसं. आणि विकून मोकळा.

पुढचं काम मी डोळ्यांनी बघितलंय, कारण टॉर्च धरायला मीच होते. बाई गॅरेजमध्ये पाऊल टाकेनात.

पोराने पहिला नियम सांगितला: सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी टेकू वेल्ड करून टाकायचा. आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. डॉक्टरांना घाई. दोन्ही बाजू एकदम केल्या तर काम लवकर होईल, असं त्यांचं म्हणणं. पोरगा हसला आणि म्हणाला, “डॉक्टर, मग गाडी मधोमध वाकतली. नवी सिल त्याच वाकड्या मापाने बसतली, आनी दार जन्मात लागचें ना.” ते ऐकून डॉक्टर गप्प. मला वाटतं हाड सरळ न करता प्लास्टर घातलेले पेशंट आठवले असावेत त्यांना.

मग पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी काढली, कार्पेट बाहेर टाकली. वेल्डिंगच्या ठिणगीला पेट्रोलचा वास पुरतो. पुढची दोन्ही मडगार्डं काढली, कारण सिलचं पुढचं टोक त्यांच्याखाली दडलेलं असतं. मडगार्ड न काढता जो कोणी ‘सिल बदलून देतो’ म्हणेल त्याच्याकडे फिरकू नका, एवढं तुमच्या ह्यांना ठळक सांगा. काढल्यावर काय निघालं म्हणून सांगू! पोत्याने वाळका चिखल, कुठल्या तरी काळातल्या वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर लांबी. वर्तमानपत्र! वहिनी, माणसं पत्र्यात रद्दी भरून गाडी विकतात.

पत्रे मात्र मिळतात हो, ते ह्या गाडीचं नशीब. इथून फार लांब नाही, विटनीला, ब्रिटिश मोटर हेरिटेज म्हणून आहे. त्यांच्याकडे मूळ कारखान्याचे साचे आहेत आणि त्याच साच्यांवर ते अजून पत्रे ठोकतात. 1988पासून तर अख्खं नवं अंगच करून देतात. किंमत विचारू नका, दहा हजार पौंडांच्या वर. डॉक्टरांनी किंमत ऐकून फक्त सिल आणि खालचे तुकडे घेतले आणि परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत, असं बाई सांगत होत्या.

वेल्डिंग डॉक्टरांनी स्वतः शिकायचं ठरवलं. हौस दांडगी! पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. करंट जरा जास्त झाला की भोक. भोक बुजवायला गेलं की ते मोठं. आठवडाभर गॅरेजमधून नुसतं “अरे!” ऐकू यायचं. पोराने त्यांना भंगाराच्या तुकड्यांवर बसवलं. सलग ओढायचं नाही, एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा तापून लाटा येतात. टाके म्हटल्यावर त्यांना जमायला लागलं. तरी गाडीवरचे महत्त्वाचे सांधे पोरानेच मारले, डॉक्टर ते कबूल करतात की नाही कोण जाणे. दर थोड्या वेळाने दार लावून बघायचे. दार आणि मडगार्डमधली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का, ते बोट फिरवून. सारखी आली त्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना हात धरून गॅरेजमध्ये आणलं आणि दार लावून दाखवलं. बाई म्हणाल्या, “बरं. दार लागलं. अभिनंदन.”

हसू नका. खर्च त्यांच्या वहीत लिहिला जात होता.

एवढ्यात आमचे सासरे आले सांगलीहून, सहा महिन्यांच्या व्हिसावर. अप्पांनी उभी हयात अँबेसिडरच्या टॅक्सीवर काढली. जून महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घालून गेले डॉक्टरांकडे. इंजिन तेव्हा नुकतंच बसवलं होतं. अप्पांनी बॉनेटमध्ये डोकावलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि म्हणाले, “हे तर आपल्या अँबेसिडरचंच की!”

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माणसाने ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणून एवढा जीव टाकायचा, आणि सांगलीच्या स्टँडवरचं नाव निघावं! पण अप्पा बरोबर होते. ते इंजिन बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, ‘बी सिरीज’ घराण्यातलं. अँबेसिडरमध्ये 1489 सीसीचं, एमजीबीत तेच वाढवून 1798 सीसीचं केलेलं. पहिल्या काँटेसालाही अँबेसिडरचंच होतं. एमजीबीला दोन कार्ब्युरेटर देऊन तिखट केलं, एवढंच. पुढे डॉक्टरांनीच पुस्तक काढून खात्री करून घेतली आणि तेव्हापासून अप्पा दिवसभर तिकडेच. जेवायला बोलवायला मला कुंपणावरून हाका माराव्या लागायच्या.

डॉक्टरांना टॅपेटचा आवाज खपत नव्हता. फीलर गेजचं पातं घालून फट कमी करत करत त्यांनी इंजिन अगदी शांत करत आणलं. अप्पांनी पाना हातातून काढून घेतला. “टॅपेट थोडं बोललं पाहिजे, डॉक्टर. गप्प बसलेलं टॅपेट व्हॉल्व्ह जाळतं.” फट अगदी गेली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, गरम वायू तिथून निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड खाऊन टाकतो, ते असं. पुस्तकात दिलेल्या मापावर परत आणलं तेव्हा बारीक टिकटिक यायला लागली. अप्पा म्हणाले, आता झोप लागेल.

आणि ते दोन कार्ब्युरेटर! एसयूचे, जुळे. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी उभ्या जागी थरथरते. मी चहा घेऊन गेले तर डॉक्टर आणि अप्पा दोघंही वाकलेले, मध्ये रबराची हातभर नळी. एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. मी म्हटलं, अहो, तुमचा स्टेथॉस्कोप कुठे गेला? तर म्हणे नळीच बरी, स्टेथॉस्कोपने नको ते सगळं ऐकू येतं. माझ्याही कानाला लावली. पुढच्यात ‘स्सस्’ असा जाड आवाज, मागच्यात बारीक. स्क्रू पाव आटा फिरवला, पुन्हा ऐकलं, पुन्हा फिरवला. एका क्षणी दोन्हींचा सूर एक झाला आणि अख्खी गाडी थरथरायची थांबली. खोटं कशाला बोलू, तेवढं मला आवडलं. कार्ब्युरेटरच्या वरच्या नळकांड्यात चमचाभर तेलही घालायचं असतं. ते विसरलं तर गॅस दिला की गाडी अडखळते, आणि माणसं बाकी सगळं खोलून बसतात.

पेट्रोलचं एक वेगळंच. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर वाढलेली. ते इथे 2000 साली बंद झालं, त्यामुळे हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्हखाली कठीण पोलादाच्या रिंगा बसवून घ्याव्या लागतात. त्यात 2021पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. डॉक्टरांनी सगळ्या नळ्या बदलल्या आणि भरतात महागडं पाच टक्क्यांचं. माझा भाऊ पुण्यात वीस टक्क्यांच्या नावाने खडे फोडत असतो, त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, तुमच्याकडे निवड तरी आहे.

मॉडिफाय करण्यावरून तर महाभारत झालं. डॉक्टरांना रबरी बंपर काढून आधीच्यासारखे क्रोमचे बंपर आणि जुनी जाळी हवी होती. कोपऱ्यावरचे गोरे आजोबा, ज्यांच्याकडे स्वतःची आहे, ते येऊन म्हणाले की रबरी बंपर हाही इतिहासच, तो का पुसता? मला विचाराल तर आजोबांचं म्हणणं पुस्तकात ठीक. रोज बघायचं कुणी? पण एक गोष्ट डॉक्टरांनी शहाणपणाने केली. नुसतं क्रोम लावून थांबले नाहीत, गाडी मूळ उंचीवर खाली आणली. रस्त्यावर तुम्हाला अशा कितीतरी दिसतील, तोंडाला क्रोम आणि खाली टाचा उंच केल्यासारख्या उभ्या. ते फार वाईट दिसतं आणि वळणावर जी मूळ खोट आहे ती तशीच राहते. बाकी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, ते झाकणाखाली असतं, कुणाला दिसतही नाही, पण थंडीत पहिल्या चावीला सुरू होते. सीटला डॉक्टर लेदर घालायला निघाले होते. तिथे बाई पहिल्यांदा मधे पडल्या. “ते पट्टे राहू द्या. सगळ्या गाडीत तेवढंच एक खरं दिसतंय.” पट्टे राहिले.

रंग मात्र घरी दिला नाही. आताच्या टू-पॅक रंगात आयसोसायनेट असतात, दमा धरतो. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि डॉक्टर माणूस त्यात धोका पत्करणार नाही. म्हणून एका रंगवाल्याकडे दिली. त्याचं म्हणजे शिंप्याचा वायदा. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत हिवाळा गेला. शेवटी बाई स्वतः जाऊन त्याच्या ऑफिसात डबा घेऊन बसल्या, तेव्हा आली.

हो, कागदपत्रांचं मात्र इथे एक बरं आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि मोठे फेरफार केलेले नसतील तर एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्तीही नाही. तरी बाईंनी एमओटी करायला लावली. म्हणाल्या, सक्ती नाही म्हणून ब्रेक तपासायचे नाहीत का? आपल्याकडे उलट. माझा भाचा पुण्यात काँटेसा घेऊन बसलाय. तिचा आकार बदलायचा म्हणाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळत नाही असा फेरफार नको, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली सांगितलं. व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर 2021च्या नियमाने पन्नास वर्षं भरावी लागतात, आणि सगळ्यात पहिली काँटेसाच 1984ची. 2034पर्यंत पॉलिश करत बस म्हटलं.

खर्च? बाईंची वही मी बघितलीय. आकडा सांगणार नाही, शेजारधर्म आहे. पण तयार, चांगली, दुसऱ्याने मन लावून केलेली एमजीबी जेवढ्याला मिळाली असती, त्याच्या दुपटीच्या वर गेलेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि विकायला काढली तर मसाल्याचे पैसे कुणी देत नाही. डॉक्टरांना त्याचं काही नाही, ते रोज सकाळी कापड घेऊन तयार. पण तुमच्या ह्यांची नोकरी आहे, मुलं लहान आहेत, आणि तुमचं गॅरेज सामानाने भरलंय. ते काय करणार, पोटमाळ्यावर वेल्डिंग?

तेव्हा वहिनी, रविवारी तुमचे हे ती लाल गाडी बघायला जाणार असतील तर त्यांना एकटं जाऊ देऊ नका. मडगावच्या पोराला बरोबर घ्या, त्याला मी सांगून ठेवते. चहा नंतर प्या. बिलांची फाईल वाचा, पण त्यात सिलच्या कामाचे फोटो नसतील तर ती बंद करा. फ्रिजवरचा मॅग्नेट घेऊन दाराखाली आणि पुढच्या मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात फिरवा. मग गाडी जॅकवर उचलायला लावा आणि दार उघडून परत लावून बघा. सहज लागलं तर किमतीचं बोला. अडकलं तर तसंच घरी या, रंग कितीही लाल असो.